पोशेऱ्याचा दावा कुठे चालतो?

समजा, मोखाडा तालुक्यातल्या पोशेरा गावात एका आदिवासी कुटुंबाची चार एकर जमीन आहे. थोडी भाताची, बाकीची वरकस, जिच्यावर नाचणी आणि वरई होते. वडील वारले. मागे दोन भाऊ आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली एक बहीण. थोरल्याने तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला. पुढे धाकट्याने सातबारा काढून पाहिला, तर त्यावर एकट्या थोरल्याचं नाव. धाकटा तलाठ्याकडे गेला, मग मंडळ अधिकाऱ्यांकडे, मग जव्हारला प्रांतांकडे. शेवटी त्याला एवढंच सांगण्यात आलं की, नोंदीचं आम्ही पाहू, पण कोणाचा हिस्सा किती हे ठरवून हवं असेल तर दिवाणीत दावा लावा.

इथे माणूस चक्रावतो. कागद सरकारचा, शिक्का सरकारचा, तरी त्यावर नाव असलेला मालक नाही? आणि दावा लावायचा तर कुठे? जव्हारला, पालघरला, ठाण्याला की थेट मुंबईला?

दिवाणी न्यायालयांची रचना वरून खाली पाहिली की ती अधिकाऱ्यांच्या उतरंडीसारखी वाटते: खाली लहान साहेब, वर मोठे साहेब. पोशेऱ्यातून वर पाहिलं तर ती वेगळी दिसते. प्रत्येक कोर्टाला एका विशिष्ट प्रकारचा प्रश्न नेमून दिलेला आहे आणि जसजसं वर जावं तसतसा तो प्रश्न आकुंचित होत जातो. हे एकदा ध्यानात आलं की सगळ्यात लहान दिसणारं तालुक्याचं कोर्ट सगळ्यात महत्त्वाचं का, तेही कळतं.

सातबारा काय सांगतो

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. जमीन कोणाकडे आहे, तिचा आकार किती, तिच्यात पीक कोणतं, याची ही महसुली नोंद. तिचं मूळ काम शेतसारा कोणाकडून घ्यायचा हे कळावं, हे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार ही नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. सगळी मेख 'उलट सिद्ध होईपर्यंत' या शब्दांत आहे. नोंदीला वजन आहे, पण ती मालकीचा शेवटचा शब्द नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेक निकालांत सांगितलं आहे की, महसुली नोंदीने मालकी निर्माणही होत नाही आणि संपतही नाही.

फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, मंजूर करताना मंडळ अधिकारी नोटीस काढतात, हरकत आली तर तक्रारी नोंद म्हणून ती ऐकतात आणि थोडक्यात चौकशी करून नोंद प्रमाणित करतात. या चौकशीत सविस्तर साक्षी, उलटतपास, जुन्या दस्तांची छाननी असं काही अपेक्षित नसतं. म्हणून मालकीचा आणि हिश्श्याचा प्रश्न दिवाणी न्यायालयाकडे जातो आणि तिथला हुकूमनामा आला की महसूल खात्याला त्याप्रमाणे नोंद बदलावी लागते.

एक भांडण, तीन फायली

याच कुटुंबात उद्या बांधावर मारामारी झाली तर तिसरं प्रकरण उभं राहील, ते फौजदारी. गावाच्या दृष्टीने भांडण एकच असतं. कायदा मात्र त्याचे तीन तुकडे करतो. नोंद कोणाच्या नावाची हे तलाठी, तहसीलदार, प्रांत यांच्याकडे. मारहाण पोलिसांकडे आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. हिस्सा, मालकी, ताबा, करार, उसनवारी, नुकसानभरपाई हे दिवाणीकडे.

फौजदारीत सरकार आरोपीविरुद्ध उभं असतं आणि गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणीत दोन माणसं समोरासमोर असतात आणि कोणाची बाजू अधिक संभाव्य वाटते, यावर निकाल लागतो. त्यामुळे फौजदारीत सुटलेला माणूस त्याच जमिनीचा दिवाणी दावा हरू शकतो, आणि यात विसंगती नाही. दिवाणी दावा हरल्याने कोणी तुरुंगात जात नाही, हेही सांगायला हवं, कारण 'कोर्टाचं समन्स आलं' एवढ्याने घाबरून कामधंद्याला दूर निघून जाणारी माणसं आहेत.

गोंधळात भर पडते ती एका गोष्टीने. तालुक्याच्या ठिकाणी बहुधा एकच व्यक्ती दोन्ही कामं करते. पाटीवर पूर्ण हुद्दा असतो 'दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर आणि न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग'. त्याच खुर्चीसमोर पोलीस आरोपीला आणतात आणि त्याच खुर्चीसमोर वाटणीचा दावाही चालतो. माणूस एक असला तरी अधिकार वेगळे, कायदे वेगळे, दप्तरही वेगळं.

दिवाणी कोर्ट ज्याला हात लावत नाही

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ चं कलम ९ उदार आहे. दिवाणी स्वरूपाचा कोणताही दावा कोर्ट ऐकेल, फक्त एखाद्या कायद्याने स्पष्टपणे किंवा गर्भितार्थाने मनाई केलेली नसावी. जव्हार-मोखाड्यासारख्या अनुसूचित क्षेत्रात हा 'फक्त' फार महत्त्वाचा ठरतो.

कुळाचंच घ्या. एखादा माणूस कूळ आहे की नाही, हा प्रश्न १९४८ च्या कुळकायद्याने महसुली अधिकाऱ्यांकडे सोपवला आहे. दिवाणी दाव्यात तो मुद्दा निघाला तर कोर्ट स्वतः ठरवत नाही. तेवढा मुद्दा तहसीलदारांकडे पाठवतं आणि उत्तर येईपर्यंत दावा थांबवून ठेवतं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे गेली असेल तर महसूल संहितेची कलमं ३६ आणि ३६-अ लागतात. विक्री करायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि त्या परवानगीला राज्य सरकारची आधी मान्यता. जुनी हस्तांतरणं उलटवण्यासाठी १९७४ चा जमीन प्रत्यर्पण कायदा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने तो १९८४ मध्ये वैध ठरवला. ही प्रकरणंही महसूल यंत्रणेपुढे चालतात.

वनपट्ट्याचा दावा तर वेगळ्याच वाटेने जातो. २००६ च्या वनहक्क कायद्यात तो ग्रामसभेपासून सुरू होतो, उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हास्तरीय समितीकडे जातो. मिळालेला हक्क वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही, आणि पती-पत्नी असतील तर पट्टा दोघांच्या नावाने निघतो. 'वनपट्ट्यासाठी जव्हार कोर्टात दावा टाकू' असं कोणी म्हणालं तर त्याला आधी ग्रामसभेचा ठराव आणि वनहक्क समितीचा अहवाल दाखवायला सांगावा.

चौकट: कोणता प्रश्न कुठे न्यायचा?
सातबाऱ्यावरची नोंद चुकली: तलाठी, मंडळ अधिकारी, अपील प्रांतांकडे.
शेताची वाट किंवा पाणी अडवलं: तहसीलदार, मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ खाली, अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. दिवाणी दाव्याची वाटही खुली राहते.
हिस्सा, मालकी, ताबा, मनाई, पैशांची वसुली: दिवाणी न्यायालय.
कूळ आहे की नाही: तहसीलदार.
आदिवासीची गेलेली जमीन परत मिळवणं: महसूल अधिकारी.
वनपट्टा: ग्रामसभा.
सदोष वस्तू किंवा सेवा: जिल्हा ग्राहक आयोग.
अपघाताची भरपाई: मोटार अपघात दावा न्यायाधिकरण.

दावा लावायचा कुठे

पोशेऱ्याच्या धाकट्या भावाचा प्रश्न हिश्श्याचा आहे, म्हणजे दिवाणीचा. आता कोर्ट ठरवायचं. त्यासाठी दोन गोष्टी पाहतात: जागा आणि किंमत.

जागेचा नियम सोपा आहे. दावा जमिनीचा असेल तर जमीन जिथे आहे तिथल्याच कोर्टात तो लावावा लागतो. थोरला भाऊ भिवंडीला राहायला गेला म्हणून दावा भिवंडीला जात नाही. दावा पैशांचा किंवा कराराचा असेल तर प्रतिवादी राहतो तिथे किंवा दाव्याचं कारण घडलं तिथे तो लावता येतो.

किमतीचा नियम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५ मध्ये आहे. दाव्याचा निकाल देण्यास समर्थ अशा सर्वात खालच्या कोर्टात तो लावला पाहिजे, असं ते कलम सांगतं. ओळखीचा मोठा वकील मुंबईत आहे म्हणून साधा वाटणीचा दावा वरच्या कोर्टात टाकता येत नाही. महाराष्ट्रात मुंबई शहर सोडून बाकी सगळीकडे ही रचना १८६९ च्या दिवाणी न्यायालय कायद्याने ठरली आहे. कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशांपुढे पाच लाख रुपयांपर्यंतचे दावे चालतात, त्यांना 'रेग्युलर दिवाणी दावा' म्हणतात. वरिष्ठ स्तराला रकमेची मर्यादा नाही, तिथे 'स्पेशल दिवाणी दावा' नोंदला जातो. दाव्याचं मूल्य कसं धरायचं याचे कायद्यात नियम आहेत. ते दरवेळी बाजारभावाने धरत नाहीत. मुंबई शहराची गोष्ट निराळी आहे. तिथे नगर दिवाणी न्यायालय आणि लघुवाद न्यायालय आहे, आणि फार मोठ्या रकमेचे दावे मूळ स्वरूपात थेट उच्च न्यायालयातच चालतात.

जव्हारला कनिष्ठ स्तराचं दिवाणी न्यायालय आहे. पोशेऱ्याच्या कहाणीची सुरुवात तिथे होते. या भागाला जुना इतिहासही आहे. १९४८ पर्यंत जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान होतं आणि शेजारचा मोखाडा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून मोडत असे. एकाच डोंगररांगेतल्या दोन गावांपैकी एकाचा न्याय राजाच्या नावाने होई आणि दुसऱ्याचा १८६२ साली स्थापन झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्राखाली. संस्थान विलीन झालं आणि दोन्हीकडे एकच व्यवस्था आली. पाचव्या अनुसूचीतला भाग असूनही इथे वेगळी दिवाणी कोर्टं नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहिता इथेही पुण्या-नाशकाइतकीच लागू आहे.

आणखी एक गल्लत जिल्ह्याची होते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला, पण महसुली जिल्हा झाला म्हणून न्यायिक जिल्हा त्याच दिवशी होत नाही. त्यासाठी जिल्हा न्यायाधीशांचं पद, इमारत, कर्मचारी, दप्तर सगळं स्वतंत्रपणे उभं करावं लागतं. त्यामुळे पालघर वेगळा झाल्यावरही इथली कोर्टं बरीच वर्षं ठाण्याच्या जिल्हा न्यायाधीशांच्या अखत्यारीत राहिली. न्यायालयं जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली नसतातच. संविधानाच्या कलम २३५ ने त्यांचं नियंत्रण उच्च न्यायालयाकडे दिलं आहे. कनिष्ठ न्यायाधीशांची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो, पण त्यांची बदली, बढती, कामाची तपासणी हे सगळं उच्च न्यायालय पाहतं. सरकारविरुद्धच्या दाव्यात न्यायाधीश निर्भयपणे निकाल देऊ शकतात ते याच तरतुदीमुळे.

तालुक्याच्या कोर्टात

धाकट्याने वकिलाला वकीलपत्र दिलं, दावा दाखल झाला, त्याला क्रमांक पडला. आता तो वादी आणि थोरला प्रतिवादी. बहिणीलाही पक्षकार करावं लागतं, कारण वाटणीच्या दाव्यात सगळे हिस्सेदार समोर असावेच लागतात. पहिलं काम समन्स बजावण्याचं, आणि या भागात बरेच दावे इथेच अडकतात. दिवाळी झाली, भात झोडून झाला की मोखाड्यातली कितीतरी घरं वीटभट्टीवर नाहीतर भिवंडी, वसई, नाशिककडे कामाला निघतात. बेलिफ येतो तेव्हा दाराला कुलूप. घरातल्या प्रौढ माणसाला समन्स देता येतं आणि कोणीच नसेल तर साक्षीदारांसमक्ष दारावर चिकटवता येतं. पावसाळ्याच्या तोंडावर माणूस परत येतो तेव्हा कागद उडून गेलेला असतो आणि दावा त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी सुरू झालेला असतो. असा एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो रद्द करून घ्यायला अर्ज करता येतो, साधारण ३० दिवसांत, पुरेसं कारण दाखवून. समन्स रीतसर बजावलंच नसेल तर हुकूमनामा कळल्या दिवसापासून ही मुदत मोजतात. ही तरतूद गावोगावच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवावी इतकी मोलाची आहे, असं मला मनापासून वाटतं.

दाव्यासोबत बहुतेक वेळा एक अर्ज येतो, ज्याला कोर्टात सगळे 'निशाणी पाच' म्हणतात. निकाल लागेपर्यंत थोरल्याने जमीन विकू नये, गहाण टाकू नये, म्हणून मागितलेला हा तात्पुरता मनाई हुकूम. न्यायाधीश तीन गोष्टी पाहतात: प्रथमदर्शनी वादीचं म्हणणं खरं वाटतं का, मनाई दिल्याने कोणाची गैरसोय जास्त होईल, आणि न दिल्यास भरून न निघणारं नुकसान होईल का. निशाणी पाचचा निकाल म्हणजे दाव्याचा निकाल नव्हे. तरी गावात 'स्टे मिळाला, म्हणजे जिंकला' असं धरून चालतात आणि पुढच्या तारखांना ढिले पडतात.

प्रतिवादीने ३० दिवसांत, सबळ कारण असेल तर ९० दिवसांपर्यंत, आपलं लेखी म्हणणं म्हणजे कैफियत द्यायची. दोन्ही बाजू वाचून न्यायाधीश मुद्दे काढतात. आपल्या दाव्यात मुद्दे असे निघतील: जमीन वडिलोपार्जित आहे का? तोंडी वाटणी आधीच झाली होती का? बहिणीला हिस्सा आहे का? प्रत्येक मुद्द्यासमोर तो सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची, हेही ठरतं. पुढची सगळी लढाई या मुद्द्यांपुरतीच चालते.

मग पुरावा. साक्षीदाराची सरतपासणी आता प्रतिज्ञापत्रावर लिहून येते, उलटतपास मात्र पिंजऱ्यात होतो. समोरचा वकील विचारतो, "तुमच्या आत्याचं नाव तुमच्या आजोबांच्या जमिनीला लागलं होतं का?" साक्षीदार म्हणतो, "नव्हतं लागलं." न्यायाधीश ते वाक्य टंकलेखकाला सांगतात, "हे खरे आहे की, माझ्या आत्याचे नाव लागले नव्हते." आत्याने हिस्सा मागितलाच नव्हता की मागूनही तिला नाकारला होता, हे विचारलं गेलं नाही तर ते कागदावर येत नाही. साक्ष संपल्यावर ती वाचून दाखवतात आणि खाली सही किंवा डाव्या हाताचा अंगठा होतो. त्या क्षणापासून हे वाक्य दाव्याबरोबर शेवटच्या कोर्टापर्यंत प्रवास करणार असतं. उच्च न्यायालयात जाताना त्याचं इंग्रजी भाषांतर होईल, पण त्यात शब्द वाढणार नाही.

राब नीट भाजला नाही आणि आवण मरतुकडं उगवलं, तर पुढे लावणी कितीही काळजीने केली तरी पीक जोमाचं येत नाही. तालुक्याच्या कोर्टातला पुरावा म्हणजे हा राब. जुने फेरफार, वारस नोंदी, शेतसाऱ्याच्या पावत्या, जाणत्या माणसांच्या साक्षी जे काही असेल ते इथेच द्यायचं. अपिलात नवा पुरावा देण्याची परवानगी क्वचित आणि कडक अटींवर मिळते.

वर जाताना काय होतं

निकाल विरोधात गेला तर पहिलं अपील जिल्हा न्यायालयात, ३० दिवसांच्या आत. हा हक्क आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. जिल्हा न्यायाधीश सगळा पुरावा पुन्हा वाचतात, तथ्यं आणि कायदा दोन्ही तपासतात आणि खालचा निष्कर्ष बदलू शकतात. पण साक्षीदाराचा चेहरा त्यांनी पाहिलेला नसतो, फक्त कागद.

दुसरं अपील उच्च न्यायालयात, ९० दिवसांच्या आत, आणि इथे दार एकदम अरुंद होतं. १९७६ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अपिलात फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न चालतो. 'साक्षीदार खोटं बोलला' हा असा प्रश्न होत नाही. 'सिद्ध करण्याची जबाबदारी चुकीच्या माणसावर टाकली' हा होतो. असा प्रश्न नसेल तर अपील दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच निकाली निघतं. मुंबई उच्च न्यायालयाची मुख्य जागा मुंबईत, खंडपीठं नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात, तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. पालघर जिल्ह्याचं काम मुंबईलाच जातं.

त्यावर सर्वोच्च न्यायालय. तिथे जाण्याचा साधा हक्क नाही. संविधानाच्या कलम १३६ खाली विशेष परवानगी मागावी लागते आणि बहुसंख्य अर्ज पहिल्याच सुनावणीत नाकारले जातात.

पोशेऱ्याच्या बहिणीचा प्रश्न या सगळ्या पायऱ्यांवर कसा चालतो, ते पाहण्याजोगं आहे. हिंदू वारसा कायदा, १९५६ अनुसूचित जमातींना लागू नाही. त्या कायद्याच्या कलम २(२) मध्येच तसं म्हटलं आहे. म्हणून २००५ साली हिंदू मुलींना मिळालेला समान हक्क वारली, कोकणा, ठाकूर किंवा महादेव कोळी मुलीला त्या कायद्याने आपोआप मिळत नाही. तिथे जमातीची रूढी पाहिली जाते. रूढी काय आहे, हा तथ्याचा प्रश्न आहे आणि तो पुराव्याने सिद्ध करायचा असतो.

छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात नेमका हाच प्रश्न होता. एका आदिवासी स्त्रीच्या मुलांनी आजोबांच्या जमिनीत आपल्या आईचा हिस्सा मागितला. मूळ कोर्टात ते हरले, पहिल्या अपिलात हरले, उच्च न्यायालयातही हरले. कारण एकच: मुलींना हिस्सा देण्याची रूढी तुम्ही सिद्ध केली नाही. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. साक्षीदारांचा खरेपणा तोलण्याची न्यायालयाला गरजच पडली नाही. त्याने विचारलेला प्रश्न बारीक होता: सुरुवात कुठून करायची? मुलीला वगळणारी रूढी आहे असं म्हणणाऱ्याने ती सिद्ध करायला नको का? तसा पुरावा दप्तरात नव्हता. रूढीही सिद्ध नाही आणि कायद्याची मनाईही नाही, तेव्हा न्याय, समता आणि सद्सद्विवेक यांना धरून मुलीला समान हिस्सा, असं न्यायालयाने ठरवलं. निव्वळ स्त्री आहे म्हणून वगळणं संविधानाच्या समतेच्या हमीत बसत नाही, हेही सांगितलं.

मूळ कोर्टाच्या दप्तरात जे नव्हतं, तेच शेवटच्या पायरीवर निर्णायक ठरलं. खालच्या तीन कोर्टांना तो पुराव्याचा अभाव एका बाजूने दिसला आणि सर्वोच्च न्यायालयाला दुसऱ्या बाजूने. कागद तेच होते. संविधानाच्या कलम १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो, म्हणून जव्हारला उद्या असा दावा चालला तर बहिणीचा वकील हा निकाल पुढे ठेवील. थोरल्याच्या वकिलाने मग वगळण्याची रूढी सिद्ध करायची. तसे जुने फेरफार आणि साक्षी त्याच्याकडे असतील तर लढाई खरी, नाहीतर बहिणीची बाजू भक्कम.

निकाल जमिनीवर कसा उतरतो

समजा, जव्हारच्या कोर्टाने तिघांना एक-तृतीयांश हिस्सा ठरवला. हा प्राथमिक हुकूमनामा. यात हिस्सा कळतो, पण कोणता तुकडा कोणाचा ते कळत नाही. शेतसारा असलेल्या जमिनीची प्रत्यक्ष वाटणी कोर्ट स्वतः करत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, आणि मग तहसीलदार व भूमी अभिलेख खात्याचे मोजणीदार शेतावर येतात. भाताची खाचरं कोणाला, वरकस कोणाला, विहिरीची वाट कोणाच्या हिश्श्यातून, हे इथे ठरतं. कोर्टात वर्षानुवर्षं गेलेली माणसं या टप्प्यावर कागद पुढे सरकवायला विसरतात आणि हुकूमनामा नुसताच पडून राहतो.

पैसे वसूल करायचे असोत की ताबा घ्यायचा असो, हुकूमनामा आपोआप अमलात येत नाही. त्यासाठी वेगळी दरखास्त टाकावी लागते आणि तिची मुदत बारा वर्षांची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की, दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी आणि उशीर झाला तर कारणं लिहून ठेवावीत. प्रत्यक्षात हा वेग सगळीकडे आलेला नाही. दावा जिंकलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यासारख्या तारखा मोजाव्या लागतात, हा आपल्या दिवाणी न्यायाचा सर्वात दुखरा भाग आहे. कायद्याची कमतरता इथे नाही. बेलिफ, मोजणीदार, न्यायाधीश यांची संख्या आणि एकाच न्यायाधीशावर पडलेला दिवाणी-फौजदारीचा दुहेरी भार ही त्याची कारणं आहेत.

वकील कुठून आणायचा

पोशेऱ्याच्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा हाच असेल. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळतो त्याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे आपल्या गोष्टीतले दोन्ही भाऊ आणि बहीण, तिघेही या मदतीला पात्र आहेत. वकिलाची फीच नव्हे, तर कोर्ट फी, नकलांचा आणि भाषांतराचा खर्चही यात येतो. स्त्रियांना मालमत्तेच्या वादात कोर्ट फी माफ करणारी राज्य सरकारची अधिसूचना तर १ ऑक्टोबर १९९४ पासून आहे.

तिघांना तडजोड करायची असेल तर लोकअदालत आहे. तिथे झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. अपील नाही म्हणूनच सही करण्यापूर्वी कोणाला कोणता तुकडा आणि किती गुंठे, हे मोजणीच्या नकाशासह लिहून घ्यावं. 'आपसात समजून घेऊ' असं मोघम लिहिलेला निवाडा पुढे मोजणीदाराला उपयोगी पडत नाही.

मोफत वकिलासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जायचं असतं. तिचं काम तालुक्याच्या कोर्टातूनच चालतं आणि राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० आहे. जातीचा दाखला, आधार, सातबारा आणि असेल तेवढे जुने फेरफार बरोबर न्यावेत. अर्ज साध्या कागदावर चालतो, आणि लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं तिथे लिहून घेतात.